‘समोर’चं इंग्रजी: इन फ्रंट ऑफ की ऑपोझिट?

आपल्या बेळगाव भागात पत्ता सांगायचा म्हटलं की ‘समोर’ आलंच. शहापूर असो, अनगोळ असो, खानापूर असो की निपाणी, घर नंबर बाजूला राहतो आणि माणूस सांगतो ‘देवळासमोर’, ‘शाळेसमोर’, ‘दवाखान्यासमोर’. ऐकणाराही बरोबर दारात येऊन उभा राहतो. अडतं ते हेच इंग्रजीत लिहायची वेळ आल्यावर. बँकेचा फॉर्म, कुरिअरचा पत्ता, बंगळूरच्या कंपनीला धाडायचा अर्ज, दहावीच्या पेपरातलं पत्र. ‘समोर म्हणजे इन फ्रंट ऑफ’ हे लहानपणी एकदा पाठ झालेलं असतं, आणि तेवढ्यावरच आपण पुढची सगळी वर्षं काढतो.

मुलांच्या वहीत हमखास सापडणारं एक वाक्य घेऊ. ‘देअर इज अ बँक इन फ्रंट ऑफ माय हाऊस.’ व्याकरणात खोट नाही, स्पेलिंग चुकलेलं नाही. मुलाला सांगायचंय ते एवढंच, की घरातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की बँक. पण इंग्रजीत मुरलेल्या माणसानं हे वाचलं तर त्याच्या मनात आधी येतं ते वेगळंच: रस्ता, रस्त्याला लागून बँक, आणि बँकेच्या मागं झाकलं गेलेलं घर. म्हणजे बँक जणू घराच्या अंगणातच बांधलीय. मुलाला हवा होता तो शब्द ‘ऑपोझिट’. ‘देअर इज अ बँक ऑपोझिट माय हाऊस.’

दोन्ही शब्दांना मराठीत ‘समोर’ म्हणून आपण मोकळे होतो, म्हणून हा घोळ. तो सोडवायला नियमांची मोठी यादी लागत नाही. लिहिण्याआधी स्वतःला एकच विचारायचं: या दोन वस्तूंच्या मधे काय आहे? मधे रस्ता, गल्ली, टेबल, नदी, रेल्वेचे रूळ असं दोन बाजू पाडणारं काही असेल, आणि एक वस्तू अलीकडं, दुसरी पलीकडं, दोघी एकमेकींकडं बघत असतील, तर ‘ऑपोझिट’. मधे असं काही नसेल, एक वस्तू दुसरीच्या तोंडाच्या बाजूला, तिच्याच आवारात किंवा तिला लागून असेल, तर ‘इन फ्रंट ऑफ’.

‘फ्रंट’ हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कपाळ. हे ध्यानात ठेवलं तर निम्मं काम होतं. ज्या वस्तूला तोंड आहे, दर्शनी बाजू आहे, तिच्या कपाळाकडची जागा म्हणजे ‘इन फ्रंट ऑफ’. देवळाला तोंड असतं, दुकानाला शटरची बाजू असते, बसला ड्रायव्हरपुढची काच असते, टीव्हीला पडदा असतो. गावच्या देवळाची दीपमाळ डोळ्यांपुढं आणा. ती देवळाच्याच आवारात, दाराच्या बाजूला उभी असते, मधे रस्ता नसतो. ती ‘इन फ्रंट ऑफ द टेंपल’. दारातलं तुळशीवृंदावन ‘इन फ्रंट ऑफ द हाऊस’. त्याच देवळाच्या समोर, रस्त्यापलीकडं नारळ-उदबत्तीचं दुकान असेल तर ते मात्र ‘ऑपोझिट द टेंपल’. मराठीत दीपमाळही देवळासमोर आणि दुकानही देवळासमोर. इंग्रजीत रस्ता मधे आला की शब्द बदलला.

शंका राहिली तर वाक्य उलटून बघावं. मला ही कसोटी सगळ्यात भरवशाची वाटते. बँक घराच्या ऑपोझिट असेल तर घरही बँकेच्या ऑपोझिट असतं, दोन्हीकडून खरं. ‘इन फ्रंट ऑफ’ असं उलटत नाही. दीपमाळ देवळाच्या इन फ्रंट ऑफ आहे, पण देऊळ दीपमाळेच्या इन फ्रंट ऑफ आहे असं म्हणता येत नाही. दीपमाळेला कुठलं तोंड? उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात जा. लेथवर काम करणारा कामगार ‘इन फ्रंट ऑफ द लेथ’ उभा असतो. मधे जायला वाट सोडून दोन रांगांत लेथ मांडलेले असतील, तर या रांगेतला आणि त्या रांगेतला लेथ ‘ऑपोझिट ईच अदर’. उलटून वाचा, काही बिघडत नाही.

कुठं कुठं हा फरक नुसता शोभेचा नसतो. ‘डू नॉट पार्क इन फ्रंट ऑफ द गेट’ अशी पाटी असते. तिचा अर्थ, गेटच्या तोंडाला गाडी लावू नका, आत-बाहेर करायला वाट सोडा. कुणी ती ‘डू नॉट पार्क ऑपोझिट द गेट’ अशी रंगवली, तर अर्थ झाला की रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गाडी लावू नका. आणि गेटच्या तोंडाला? तिथं लावायला या पाटीनं मनाई केलेलीच नाही. खडेबाजारासारख्या दाटीच्या रस्त्यावर एवढ्यावरून भांडण जुंपू शकतं. बातमीचंही तसंच. कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधसमोर निदर्शनं होतात. निदर्शक त्या इमारतीच्याच बाजूला, फाटकाला लागून उभे असतील तर ‘इन फ्रंट ऑफ’. महामार्ग ओलांडून पलीकडं बसले असतील तर ‘ऑपोझिट’.

मराठीत हा भेद नाहीच असं मात्र नाही, आणि हे मला मुलांना मुद्दाम दाखवावंसं वाटतं. आपल्याकडं ‘समोर’ आहे तसं ‘पुढं’ही आहे. रांगेत माझ्या‘पुढं’ चारजण असतात, ते माझ्याकडं पाठ करून उभे असतात. जेवायला बसल्यावर माझ्या‘समोर’ पाहुणे असतात, त्यांचं तोंड माझ्याकडं असतं. दारा‘पुढं’ रांगोळी आणि घरा‘समोर’ शाळा असं आपण सहज बोलून जातो. गावाकडं याच ‘पुढं’ला ‘म्होरं’ म्हणतात. कन्नडमध्येही अशी जोडी आहे: ‘मुंदे’ म्हणजे पुढं आणि ‘एदुरु’ म्हणजे समोर. म्हणजे सीमाभागातल्या पोराच्या कानावर दोन भाषांतून हा भेद रोज पडत असतो. मराठी वाक्यात ‘समोर’ काढून ‘पुढं’ घालून बघा. दारापुढं रांगोळी, देवळापुढं दीपमाळ, रांगेत पुढं उभा असं जिथं ‘पुढं’ जास्त शोभतं, तिथं बहुतेक वेळा ‘इन फ्रंट ऑफ’ बसतं. जिथं ‘समोर’ला पर्याय नाही, रस्त्यापलीकडचं सांगायचंय, तिथं ‘ऑपोझिट’.

‘बहुतेक वेळा’ म्हटलं, कारण आपल्या ‘पुढं’ला आणखी एक अर्थ आहे आणि तो फसवतो. वाटेनं जाताना ‘पुढं’ म्हणजे ओलांडून, पलीकडं. ‘सरळ जावा, सेकंड गेटच्या पुढं आमचं घर’ असं टिळकवाडीत कुणी सांगितलं, तर ऐकणारा रेल्वे गेट ओलांडून जातो. आता हाच पत्ता बाहेरगावच्या पाहुण्याला मोबाइलवर इंग्रजीत धाडायचाय. ‘अवर हाऊस इज इन फ्रंट ऑफ द सेकंड गेट’ असं लिहिलं की पाहुणा गेटच्या अलीकडंच रिक्षा थांबवणार, उतरून घर शोधत बसणार, आणि घर राहिलं रुळांच्या पलीकडं. इथं हवा होता ‘पास्ट द सेकंड गेट’ किंवा ‘बियाँड द सेकंड गेट’. ‘आफ्टर’ही चालतं, वाट सांगताना तर तेच सोपं. कन्नड ‘मुंदे’चंही असंच आहे. बसमधला कंडक्टर ‘मुंद होग्री’ म्हणतो तेव्हा तो कशाच्या समोर उभं राहायला सांगत नाही, सरकत पुढं जायला सांगतो. दोन्ही भाषांची सवय एकाच बाजूला ओढते, म्हणून ही चूक आपल्या भागात पक्की बसलीय.

यात आपलं डोकं कमी पडतं असं कुणी समजू नये. पुढची बाजू कुठली, हे ठरवायच्या रीती जगभर वेगवेगळ्या आहेत. पश्चिम आफ्रिकेत, मुख्यतः नायजेरिया आणि नायजरमध्ये, हौसा भाषा बोलतात. तुमच्यापासून थोड्या अंतरावर एक झाड आहे आणि तुमच्या न् झाडाच्या मधे चेंडू पडलाय. इंग्रजी माणूस म्हणतो, चेंडू ‘इन फ्रंट ऑफ द ट्री’. कारण त्याच्या हिशेबानं झाड त्याच्याकडं तोंड करून उभं आहे. हौसा बोलणाऱ्याच्या हिशेबानं झाडाचं तोंड त्याच्याच दिशेला, म्हणजे त्याच्यापासून लांब वळलेलं असतं. म्हणून झाडाच्या पलीकडं पडलेला चेंडू ‘पुढं’ आणि अलीकडचा ‘मागं’. आपलं ‘गेटच्या पुढं’ या दुसऱ्या रीतीच्या जवळचं. आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये गुगू यिमिथिर नावाची भाषा आहे, जिच्यातून ‘कांगारू’ हा शब्द इंग्रजीत गेला. तिच्यात अशा जागा पुढं-मागं, डावं-उजवं असं न सांगता पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर अशा सांगतात. हे आपल्याला फार परकं वाटायला नको. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, कन्नड दस्तात तिलाच चक्कुबंदी म्हणतात: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याची जमीन. तिथं ‘समोर’ लिहून चालत नाही, कारण शेताला तोंड नसतं.

तोंड नसलेल्या वस्तूंशी ‘इन फ्रंट ऑफ’ जपून वापरावं ते याच कारणानं. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर घ्या. १९२४ साली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव अधिवेशन. त्यासाठी पाण्याची सोय म्हणून ही विहीर खोदली. आज ती खूण म्हणून पत्त्यात येते. पण विहिरीची पुढची बाजू कुठली? ‘इन फ्रंट ऑफ द काँग्रेस वेल’ म्हटल्यावर ज्याला जागा ठाऊक नाही तो चारी बाजूंनी फिरेल. त्याला आधार मिळतो तो स्वतः कुठून बघतोय त्याचा, आणि पत्ता वाचणारा तर तिथं नसतोच. अशा वेळी ‘नियर’ किंवा ‘नेक्स्ट टू’ बरं. रस्ता मधे असेल तर ‘अक्रॉस द रोड फ्रॉम द काँग्रेस वेल’ हे सगळ्यात स्पष्ट. झाड, पाण्याची टाकी, विजेचा खांब, चौकातला गोल कट्टा, सगळ्यांना हेच लागू. पुतळ्याची गोष्ट निराळी. चन्नम्मा सर्कलमधल्या राणीच्या पुतळ्याला चेहरा आहे, तेव्हा त्याची पुढची बाजू ठरलेलीच.

‘अक्रॉस फ्रॉम’ हा अमेरिकी इंग्रजीतला ‘ऑपोझिट’चा नेहमीचा जोडीदार. ‘द शॉप इज अक्रॉस फ्रॉम द स्कूल.’ नुसतं ‘अक्रॉस द रिव्हर’ म्हटलं तर नदीपलीकडं एवढाच अर्थ. खानापुरात मलप्रभेच्या या काठावरून त्या काठाकडं बोट दाखवावं तसं. नेमकं समोर असायलाच पाहिजे असं त्यात नाही.

आता माणसांकडं येऊ. इथं ‘इन फ्रंट ऑफ’ थोडं सैल होतं. आपण टीव्हीसमोर, आरशासमोर, कॉम्प्युटरसमोर बसतो, ते इंग्रजीत ‘इन फ्रंट ऑफ’च. बाई वर्गासमोर उभ्या राहतात, ‘इन फ्रंट ऑफ द क्लास’, आणि त्यांचं तोंड मुलांकडं असतं. मग समोरासमोर असूनही ‘ऑपोझिट’ का नाही? कारण इथं दोन सारख्या बाजू नाहीत. वर्ग एका दिशेला तोंड करून बसलाय आणि बाई त्याच्या तोंडाच्या बाजूला आहेत. दोन सारख्या जागा आणि मधे टेबल असेल तरच ‘ऑपोझिट’. म्हणून हॉटेलात ‘शी सॅट ऑपोझिट मी’ म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला, तोंडासमोर. सिनेमागृहात ‘शी सॅट इन फ्रंट ऑफ मी’ म्हणजे माझ्या पुढच्या रांगेत, तिची पाठ माझ्याकडं. मुलाखतीची आठवण लिहिताना ‘द मॅनेजर सॅट इन फ्रंट ऑफ मी’ असं आपण लिहितो. ते अगदीच चूक म्हणता येणार नाही, पण ‘ऑपोझिट मी’ लिहिलं की मधलं टेबलही वाचणाऱ्याला दिसतं.

‘चारचौघांत’ किंवा ‘देखत’ या अर्थानं मात्र ‘इन फ्रंट ऑफ’ला ‘ऑपोझिट’ कधीच बदली चालत नाही. ‘डोंट स्कोल्ड हिम इन फ्रंट ऑफ हिज फ्रेंड्स.’ मित्रांदेखत त्याला रागावू नका. इथं जागेपेक्षा कुणाच्या नजरेसमोर घडलं ते महत्त्वाचं.

बसच्या बाबतीत ‘द’ हे छोटं उपपद फार मोठा घोटाळा करतं. आपल्या सरकारी बसमध्ये बायकांच्या जागा पुढं असतात. ते सांगायचं ‘ॲट द फ्रंट ऑफ द बस’ किंवा ‘इन द फ्रंट ऑफ द बस’. म्हणजे बसच्या आत, पुढच्या भागात. त्यातला ‘द’ गळून ‘इन फ्रंट ऑफ द बस’ झालं, की त्या बायका बसमधून खाली उतरल्या आणि रस्त्यावर, बसच्या काचेपुढं उभ्या राहिल्या. एका अक्षरानं माणूस आतून बाहेर जातो, म्हणून हे वाक्य मी वर्गात फळ्यावर चित्र काढूनच शिकवते.

किरकोळ पण रोज दिसणाऱ्या दोन गोष्टी. ‘इन फ्रंट ऑफ’ हे तीन सुटे शब्द आहेत. मुलं ‘इन’ आणि ‘फ्रंट’ जोडून लिहितात. मराठीत ‘घरासमोर’ एकच शब्द, कारण आपलं शब्दयोगी अव्यय नामाला चिकटून मागून येतं. ती सवय हाताला असावी असं मला वाटतं. इंग्रजीत हे शब्द नामाच्या आधी आणि सुटे. दुसरं, जागा सांगताना ‘ऑपोझिट’नंतर ‘टू’ घालायची गरज नाही. ‘ऑपोझिट टू द बँक’ आपल्याकडं इतकं चालतं की पाट्यांवरही दिसतं, पण परीक्षेत ‘ऑपोझिट द बँक’ एवढंच लिहावं. ‘ऑपोझिट ऑफ’ तर निराळंच प्रकरण: ते विरुद्धार्थी शब्दासाठी, जसं ‘द ऑपोझिट ऑफ हॉट’. आणि ‘द हाऊस ऑपोझिट’ असं नामामागं आलं तर अर्थ ‘समोरचं घर’. ते चुकलेलं समजून खोडू नका.

‘समोर’च्या कुटुंबात एक म्हातारा शब्द उरला: ‘बिफोर’. आज तो मुख्यतः वेळेसाठी वापरतात, पण जुन्या इंग्रजीत तो जागेसाठीही नित्याचा होता, आणि जिथं मान किंवा अधिकार आहे तिथं अजून टिकून आहे. देवापुढं गुडघे टेकणं म्हणजे ‘नील बिफोर गॉड’. समितीपुढं म्हणणं मांडणं म्हणजे ‘अपिअर बिफोर द कमिटी’. कोर्टाच्या भाषेत तर तो पावलोपावली येतो. सीमाप्रश्नावर महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, हे आपल्याकडं पोराटोरांनाही ठाऊक आहे. तो वाद न्यायालयापुढं आहे, हे इंग्रजीत ‘द डिस्प्यूट इज बिफोर द सुप्रीम कोर्ट’ असंच लिहायचं. इथं ‘इन फ्रंट ऑफ द सुप्रीम कोर्ट’ लिहिलं तर दावा दिल्लीत इमारतीच्या पायऱ्यांवर ठेवल्यासारखा वाचला जातो. कोर्टाच्या फाटकाला लागून चहाचा गाडा असेल तर तो ‘इन फ्रंट ऑफ द कोर्ट’, रस्त्यापलीकडं झेरॉक्सचं दुकान असेल तर ते ‘ऑपोझिट द कोर्ट’, आणि आत ज्याचा निकाल व्हायचाय तो खटला ‘बिफोर द कोर्ट’.